सुभेदार रामजीबाबा : निवृत्त न झालेले गुरुजी

आपल्या विहाराचा वर्धापनदिन जवळ आला, की यंदा स्मरणिकेत कुणाचे चरित्र छापायचे याची चर्चा सुरू होते. तथागतांवर लेख असतोच. परमपूज्य बाबासाहेबांवर असतो, माता रमाईंवर असतो, महात्मा फुले व सावित्रीमाई यांच्यावर असतो. यंदा कुणीतरी म्हणाले, की आपल्या वस्तीतून किती प्राथमिक शिक्षक निवृत्त झाले, त्यांनी वस्तीतली दोन पिढ्यांची पोरं अक्षराला लावली, तेव्हा एखाद्या निवृत्त मास्तरांचे चरित्र द्यावे. सूचना सर्वांनाच पटली. पण द्यायचे कुणाचे? एकाचे द्यावे तर दुसऱ्याचे राहते.

विचार करता करता आमच्या लक्षात आले, की एका निवृत्त मास्तरांचे नाव तर आपण रोजच घेतो. लग्नाच्या पत्रिकेत, जयंतीच्या फलकावर, शाळा-कॉलेजच्या कमानीवर ते लिहिलेले असते. भीमराव रामजी आंबेडकर. यातले मधले नाव एका शाळामास्तरांचे आहे. पहिले आणि शेवटचे नाव आपण मोठ्याने घेतो, मधल्या नावापाशी मात्र थांबत नाही. या लेखात आम्ही थोडे थांबायचे ठरविले आहे.

सुभेदार रामजीबाबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लष्करातला गडी येतो. ते लष्करात होते हे खरेच. पण लष्करात त्यांचे मुख्य काम शिकविण्याचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवून त्यांचे चरित्र वाचले, म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

पलटणीची शाळा

रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव कोकणातले अंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. वडील मालोजी हेही पलटणीतले पेन्शनर. त्या काळी आपल्या समाजाच्या माणसाला गावात काय होते? गावकीची कामे, मेलेली ढोरे ओढणे, आणि त्याबद्दल मिळेल ती भाकर. गावच्या शाळेचे दार त्याच्यासाठी उघडत नव्हते. शिक्षण म्हणजे काय, हे कळायलासुद्धा गाव सोडावे लागत असे.

गाव सोडून जायची जागा म्हणजे पलटण. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. या फौजेची एक रीत आपण विसरून गेलो आहोत. पलटणीत शिक्षण सक्तीचे असे. शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही शाळेत बसावे लागे, आणि मोठ्या माणसांनाही अक्षर गिरवावे लागे. मुलींनाही, हे पुन्हा सांगतो. ज्या काळात मोठमोठ्या घरांतही मुलीच्या हाती पाटी देत नसत, त्या काळात छावणीतल्या महारांच्या लेकी वाचायला शिकत होत्या. म्हणून त्या वेळच्या लष्करी कुटुंबांत वाचता येणाऱ्या बायका सापडत, आणि ते पाहून बाहेरच्या लोकांना नवल वाटे.

या शाळांना शिक्षक लागत. ते तयार करण्यासाठी पुण्याला नॉर्मल स्कूल होते. रामजीबाबा तिथे शिकले आणि शिक्षक झाले. पुढे सुमारे 14 वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदार हा हुद्दा त्यांना मिळाला तो पलटणीतल्या या सेवेत. मराठी पक्के, इंग्रजी चांगले, गणितात हात बसलेला, आणि शिस्त तर अशी की विचारू नका. दारू नाही, मांसाहार नाही. ते कबीरपंथी होते. महात्मा फुले यांच्याविषयी त्यांना फार आदर होता.

त्यांचे लग्न मुरबाडच्या मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाले. तेही घराणे लष्करातले. या दांपत्याला 14 अपत्ये झाली. त्यांतली जगली वाचली ती पाच : बाळाराम व आनंदराव हे दोन मुलगे, मंजुळा व तुळसा या दोन मुली, आणि सर्वांत धाकटा भीमराव. धाकट्याचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील छावणीत झाला. रामजीबाबांची पलटण तेव्हा तिथे होती.

या जन्माविषयी एका साधूच्या आशीर्वादाची कथा सांगतात. आम्ही ती इथे घेत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला चमत्कारावर विसंबायला शिकविलेले नाही. ज्या घरात बाप मास्तर आहे, आई लष्करी घरातली आहे, आणि पोराच्या कानावर पहिल्यापासून धडे पडत आहेत, त्या घरात हुशार मूल पुढे आले, यात नवल ते काय? नवल पुढच्या वीस-बावीस वर्षांत आहे. ते आता सांगतो.

दार बंद झाले

भीमराव वर्ष-दीड वर्षाचे असतील. 1892 च्या सुमारास सरकारने महारांची फौजेत भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा एक भेद इंग्रज सेनापतींनी काढला, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीसाठी रक्त सांडले होते त्यांना बिनलढाऊ ठरवून घरी बसविले.

यात नुसत्या नोकऱ्या गेल्या असे आपण समजतो. रामजीबाबा मास्तर होते, त्यांना यातला खरा घाव कळला असला पाहिजे. भरती बंद म्हणजे पलटणीची शाळाही बंद. ज्या एका दारातून आपल्या समाजात अक्षर येत होते तेच दार लागले. रामजीबाबा शिकले ते पलटणीमुळे, पण त्यांच्या मुलांच्या पिढीला ती वाट उरली नाही.

ते हात जोडून बसले नाहीत. या बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्याच्या खटपटीत ते होते, आणि त्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांचे साह्य त्यांनी घेतले, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. त्या अर्जाने काही झाले नाही. पुढे पहिल्या महायुद्धात शिपाई कमी पडू लागले, तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर 1921 साली ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती 1941 साली. हे पाहायला रामजीबाबा नव्हते.

1894 च्या सुमारास ते निवृत्त झाले. पेन्शन दरमहा 50 रुपये. त्या काळच्या मानाने ती अगदीच थोडी नव्हती, पण घरात खाणारी तोंडे किती, ते पाहा. आणि रामजीबाबांचे डोके वेगळ्याच हिशेबात गुंतलेले होते. सरकारी शाळा सुटली होती. आता घरातच शाळा भरवायची होती.

दापोली ते सातारा

निवृत्त झाल्यावर कुटुंब कोकणात दापोलीला आले. दापोली हे लष्करी पेन्शनरांचे ठिकाण होते. तिथे मोठ्या भावाबरोबर भीमरावांचे पाटी-पेन्सिलीचे शिक्षण सुरू झाले. पण दापोलीत राहून पोरांचे पुढे काय होणार, हा प्रश्न होताच. रामजीबाबा कुटुंबाला घेऊन काही काळ मुंबईला आले आणि मग साताऱ्यास नोकरी मिळाल्यावर तिकडे गेले. पेन्शनीत माणूस एका जागी स्वस्थ बसतो. हे मात्र मुलांची शाळा जिकडे नेईल तिकडे बिऱ्हाड हलवीत राहिले.

साताऱ्यात 1896 साली भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे. घरात रामजीबाबांच्या बहीण मीराबाई होत्या. त्या शरीराने अधू होत्या, पण आईवेगळ्या पोरांना त्यांनी पंखाखाली घेतले. बाबासाहेबांच्या चरित्रात मीराआत्याचे नाव दोन ओळींत येते आणि जाते. आपण ते दोन ओळींत सोडू नये असे आम्हांला वाटते.

7 नोव्हेंबर 1900 या दिवशी सातारच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे पुढच्या प्रतापसिंह हायस्कुलात, पहिल्या इंग्रजीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टरला क्रमांक आहे 1914. महाराष्ट्र शासनाने 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. आपण तो विद्यार्थ्याचा दिवस म्हणून साजरा करतो ते योग्यच आहे. पण पोराचा हात धरून त्याला त्या दारापर्यंत नेणारे घर होते, तेही त्या दिवशी आठवावे.

शाळेत काय होते हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. बसायला घरून नेलेले गोणपाट. तहान लागली तर कुणीतरी वरून पाणी ओतील तेव्हा प्यायचे, नाहीतर तसेच राहायचे. न्हावी केस कापायला तयार नाही म्हणून घरी बहीण भावाचे केस कापायची. शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या बापाला हे ऐकताना काय वाटले असेल, याचा विचार शिक्षकांनी करावा. आपण ज्या धंद्यात उभे आयुष्य काढले, त्याच धंद्यातली माणसे आपल्या पोराला वर्गाच्या कोपऱ्यात बसवितात! तरीही रामजीबाबांनी पोराला शाळेतून काढले नाही. शाळेत जे मिळत नव्हते ते ते घरी देत राहिले.

1901 सालची मसूरची गोष्ट याच काळातली. दुष्काळी कामावर एक तलाव खोदला जात होता. रामजीबाबा त्या कामावर खटाव तालुक्यात रोखपाल होते. सुट्टीत मुलांनी तिकडे यावे असे त्यांनी कळविले. पोरांनी आनंदाने नवे कपडे केले, पत्र पाठविले आणि आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. पण न्यायला कुणीच आले नव्हते. पोरं कुठल्या जातीची हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे या अटीवर. रात्रभर पाणी नाही. जेवण होते, पण पाण्यावाचून घास उतरेना. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांच्या मनावर ही रात्र जन्माची कोरली गेली.

बाप का आला नाही? पोरांचे पत्र पोहोचले होते, पण नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते. दोष त्यांचा नव्हता. पण पोरं भुकेली-तान्हेली दारात उभी राहिली, तेव्हा बापाच्या काळजाचे काय झाले असेल, हे आम्ही शब्दांत मांडू शकत नाही.

घरातली शाळा

आता घरातली शाळा कशी होती ते सांगतो. रोज पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना, भजन, संतांचे अभंग. त्यात कसूर चालत नसे. मग पोथ्यांचे वाचन. रामायण, महाभारत, मुक्तेश्वराच्या ओव्या. भीमरावांनी मोठ्याने वाचायचे आणि बहिणींनी व जमलेल्या माणसांनी ऐकायचे. इंग्रजीसाठी हॉवर्डची वाचनमाला पाठ करून घ्यायची, आणि तर्खडकरांच्या पाठमालेवरून भाषांतर करायचे. एका भाषेतले वाक्य दुसऱ्या भाषेत नेमके कसे न्यावे, कुठला शब्द चपखल बसतो, यावर रामजीबाबांचा कटाक्ष असे.

आपण आज बाबासाहेबांचे मराठी वाचतो आणि त्याच्या धारेने थक्क होतो. 1920 साली त्यांनी मूकनायक काढला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग होता. 1927 साली बहिष्कृत भारत काढला तेव्हा ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. हे कुठल्या कॉलेजात मिळाले नव्हते. शाळेत तर संस्कृत शिकायचीसुद्धा त्यांना बंदी होती, फारसी घ्यावी लागली. मराठीचा हा ठेवा घरच्या वर्गातला होता.

रामजीबाबांना देव करण्याचा आमचा हेतू नाही. माणूस होते, माणसासारखेच वागले. भीमाबाईंच्या मागे त्यांनी जिजाबाईंशी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहानग्या भीमरावांना ते सहन झाले नाही. बापावर राग धरून मुंबईच्या गिरणीत काम करायचे आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असा बेत त्यांनी केला. वाटखर्चासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी रात्री हळूच काढली, तर आत निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने पोराला लाजविले. मग त्यांनी ठरविले, की बापाच्या ताब्यातून सुटायचे तर लवकर शिकायचे. त्या दिवसापासून अभ्यासाला जोर आला. म्हणजे बापाचा राग आला तरी वाट निघाली ती पुस्तकाचीच. त्या घरात दुसरी वाट नव्हतीच म्हणा ना.

परळची एक खोली

1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्या एका खोलीत स्वयंपाक, जळण, जाते, भांडीकुंडी, सारे कुटुंब, आणि दाव्याला बांधलेली शेळीसुद्धा. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. अशा जागेत पोराने अभ्यास करायचा कधी आणि कुठे?

रामजीबाबांनी यावर तोड काढली. भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपायचे. म्हातारबा स्वतः जागे राहायचे. रात्री दोन वाजले की पोराला उठवायचे, दिवा लावून द्यायचा, आणि मग आपण त्याच्या जागी आडवे व्हायचे. खोली निजलेली, चाळ निजलेली, आणि दिव्याशी एकटा भीमराव. एक रात्र नाही, दोन रात्री नाहीत. परीक्षा होईपर्यंत हाच क्रम.

पुस्तकांचे वेड भीमरावांना तेव्हाच लागले होते. शाळेच्या पुस्तकांबरोबर ते बाहेरची पुस्तके मागत. हातात पैसा नसला, की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलीकडे जात. उसने मागत. तिच्याकडे पैसे नसले तर अंगावरचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत, पुस्तक आणीत, आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून परत देत. एकदा सुभेदार म्हणून सलाम घेतलेला माणूस लेकीच्या दारात दागिना मागायला उभा राहतो, हे सोपे नाही. आणि त्या लेकींचे काय म्हणावे? मंजुळा आणि तुळसा यांना कॉलेज मिळाले नाही, पण भावाच्या पुस्तकात त्यांचे सोने आहे.

दोघा मुलांना शिकवावे एवढे पैसे घरात नव्हते. आनंदरावांचे शिक्षण थांबले, ते नोकरीला लागले. एका भावाने काम करायचे म्हणजे दुसरा शिकेल, असा निर्णय आपल्यापैकी किती घरांनी घेतला असेल! ज्याने वही मिटवली त्याचा फोटो कुठे लागत नाही. म्हणून आनंदरावांचे नाव आम्ही इथे मुद्दाम लिहीत आहोत.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. 750 पैकी 282 गुण. आजच्या मुलांना हे गुण थोडे वाटतील. त्यांनी ती खोली, ती शेळी आणि रात्रीचे दोन आठवावेत, मग मोजावे.

एका प्रश्नापुढे गप्प राहिलेले गुरुजी

आता आम्ही ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो प्रसंग. मुलगा परीक्षा पास झाला म्हणून वस्तीतल्या लोकांनी सत्कार करायचे ठरविले. चरित्रकार हा प्रसंग 1907 च्या मॅट्रिकच्या वेळचा सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः 1956 साली बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो चौथी इंग्रजीच्या वेळचा सांगितला आहे. वर्ष कोणतेही असो. रामजीबाबांनी सत्काराला नकार दिला! नुसती परीक्षा पास झाली, त्यात काय एवढे, अशाने पोराच्या डोक्यात वारे जाईल, असे त्या मास्तरांचे मत. लोक मग कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकर गुरुजी हेही शिक्षक, आणि रामजीबाबांचे स्नेही. त्यांनी समजूत घातली तेव्हा सभा झाली. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले.

पोराने ते पुस्तक वाचले आणि तो हलून गेला. मग त्याने बापाला विचारले, की तुम्ही आम्हांला रामायण-महाभारत वाचायला लावता, ज्यात शूद्रांची हेटाळणी आहे. बुद्धाचे हे साहित्य का वाचायला दिले नाही? रामजीबाबांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येण्याचा धोका आहे. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती उंचीला गेले ते पाहा. वाल्मीकी कोण होता आणि रामायणाचा कर्ता झाला ते पाहा. मनातला कमीपणा जावा म्हणून हे ग्रंथ. उत्तर बापाच्या मायेचे होते, त्यात अर्थही होता. पण पोराचे समाधान झाले नाही. त्याने महाभारतातल्या एकेका पात्राची झडती घेतली. भीष्म, द्रोण, कृष्ण यांपैकी कुणी त्याला रुचले नाही. रामाने वालीशी आणि सीतेशी केलेले वर्तनही त्याला रुचले नाही.

रामजीबाबा गप्प राहिले.

बंधू-भगिनींनो, या गप्प राहण्याकडे आपण नीट पाहिले पाहिजे. रामजीबाबा धार्मिक वृत्तीचे, शिस्तीचे, लष्करातले सुभेदार. घरात त्यांचा शब्द शेवटचा. पोथीवर प्रश्न विचारणाऱ्या पोराला त्या काळी काय मिळायचे? कानाखाली. आजही कित्येक घरांत तेच मिळते. रामजीबाबांनी पोराला मारले नाही, पुस्तक काढून घेतले नाही, केळुसकर गुरुजींशी वाकडे घेतले नाही. उत्तर संपले तिथे ते थांबले, आणि प्रश्न पोराच्या हाती तसाच राहू दिला. तो प्रश्न पुढे पन्नास वर्षे चालला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोकांना घेऊन पोहोचला. आपण ज्या विहारात बसून ही स्मरणिका वाचत आहोत, त्याची एक वाट परळच्या त्या खोलीतून, एका मास्तरांच्या मौनातून आलेली आहे.

शेवटची भेट

पुढे एल्फिन्स्टन कॉलेज. इंटर होईपर्यंत रामजीबाबांनी खर्च ओढला, मग पेन्शन पुरेना. पुन्हा केळुसकर गुरुजी मदतीला आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव बी. ए. झाले.

1913 च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. रामजीबाबांचे मन या जाण्याला नव्हते. तिथे पोराला काय सोसावे लागेल याचा त्यांना अंदाज होता, आणि तो पुढे खरा ठरला. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार बडोद्यास गेली. भीमराव तडक निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला खाली उतरले, आणि गाडी सुटली. दुसरी गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले, तेव्हा रामजीबाबा अखेरच्या घटका मोजत होते. त्यांनी पोराच्या पाठीवरून हात फिरविला. तेवढाच. 2 फेब्रुवारी 1913 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्याच वर्षी जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पाच महिन्यांनी रामजीबाबांची चुकामूक झाली, असे आम्हांला हे वाचताना नेहमी वाटते.

1923 साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगातल्या मोठ्या अर्थशास्त्र्यांनी वाचलेला तो ग्रंथ त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची व दाखविलेल्या दृष्टीची कृतज्ञता त्यात नोंदविली. लेकीचा दागिना गहाण ठेवून ज्यांनी एकेक पुस्तक आणले, त्यांच्या नावे पोराने पुस्तक परत केले. हिशेब पुरा झाला म्हणायला हरकत नाही, जरी घेणारा नव्हता.

आपल्यापुरते

रामजीबाबा 1894 च्या सुमारास पेन्शनीत निघाले आणि 1913 साली गेले. मधली 19 वर्षे त्यांनी शाळाच चालविली. तिला इमारत नव्हती, घंटा नव्हती, तपासायला साहेब येत नव्हता. दिवा, पुस्तक, आणि पोराला वेळेवर उठविणारा माणूस, एवढीच तिची सामग्री.

आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी अभ्यासिका भरते. दिवा आहे, पंखा आहे, कपाटात पुस्तके आहेत. परीक्षेच्या दिवसांत मुले येतात, एरवी चटया रिकाम्या असतात. मुलांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्याजवळ तासभर बसायला आपल्यापैकी किती जण येतात? वस्तीतल्या निवृत्त गुरुजींना आणि बाईंना आमची विनंती आहे, की आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी यावे. शिकविलेच पाहिजे असे नाही, नुसते बसले तरी चालेल. आईबापांनाही सांगणे आहे. पोराने उलटा प्रश्न विचारला आणि आपल्यापाशी उत्तर नसले, तर रागावू नका. रामजीबाबांसारखे थोडे गप्प राहा. त्या प्रश्नाला वाढायला जागा द्या.

येत्या 2 फेब्रुवारीला सायंकाळच्या वंदनेनंतर विहारात रामजीबाबांचे, भीमाबाईंचे आणि मीराआत्यांचे स्मरण करू या. आणि पुढच्या वेळी कुणी पोर बाबासाहेबांचे संपूर्ण नाव म्हणून दाखवील, तेव्हा मधल्या नावापाशी त्याला क्षणभर थांबवू या, आणि ते कुणाचे आहे हे सांगू या.

जयभीम. नमो बुद्धाय.